देवाची वेळ आणि आपण घातलेली मुदत

प्रश्न : पत्र लिहिणाऱ्या भगिनीचे वय ३७ आहे. लग्नाला नऊ वर्षे झाली, पण मूल नाही. दर नाताळात मंडळीतले कोणी ना कोणी ‘देवाची वेळ परिपूर्ण असते, धीर धरा’ असे सांगते. यंदा त्यांनी देवाला सांगून टाकले आहे की, या नाताळापर्यंत उत्तर मिळाले नाही तर हे मागणे आपण कायमचे थांबवू. डॉक्टर म्हणतात, उपचारांना आणखी उशीर करू नका. पती म्हणतात, उपचार घेणे म्हणजे बायबलमधील अब्राहामाची पत्नी सारा हिच्याप्रमाणे देवाच्या पुढे धावणे. धाकट्या बहिणीला नुकतेच बाळ झाले आहे आणि तिच्याबद्दल मत्सर वाटतो, याची त्यांना लाज वाटते. त्यातच पाळकांनी नाताळच्या उपासनेत मरीयेचे स्तोत्र वाचायला सांगितले आहे. ‘मी विश्वासात कमी पडते आहे का? आणि देवाची वेळ खरोखर परिपूर्ण असेल, तर ती मला छळासारखी का वाटते?’ असे त्यांनी विचारले आहे.

प्रिय भगिनी,

तुम्ही विश्वासात कमी पडत आहात, असे मला तुमच्या पत्रात कुठेही दिसले नाही. नऊ वर्षे एकच मागणे देवापाशी नेणारी आणि त्याच्यावर रागावली असतानाही तो राग त्याच्यापाशीच बोलून दाखवणारी व्यक्ती विश्वास सोडून गेलेली नसते. तेरावे स्तोत्र ‘परमेश्वरा, कोठवर?’ या आर्त प्रश्नाने सुरू होते आणि पहिल्या दोनच ओव्यांत तो प्रश्न चार वेळा विचारते. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, पश्चात्तापाच्या यादीत नाही. तेव्हा स्वतःवरचा हा आरोप आधी बाजूला ठेवा, म्हणजे बाकीच्या गोष्टींकडे आपल्याला शांतपणे पाहता येईल.

सर्वप्रथम त्या मुदतीविषयी बोलू. तुम्ही नाताळ ही सीमा का निवडली असेल, हे मला समजते. वर्षभर कसाबसा झाकून ठेवलेला अभाव या दिवसांत उघडा पडतो, कारण सगळीकडे गव्हाणीतले बाळ असते आणि प्रत्येक गीतात एका जन्माचा आनंद असतो. परंतु ज्या तारखेला तुम्ही देवाची परीक्षा ठरवली आहे, ती तारीख देवाने दिलेली नाही. येशूचा जन्म कोणत्या दिवशी झाला, हे चारही शुभवर्तमाने सांगत नाहीत. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधील असून ती साधारण इ. स. ३३६ ची, म्हणजे घटनेनंतर तीनशेहून अधिक वर्षांनंतरची आहे. आर्मेनियन चर्च आजही हा सण ६ जानेवारीला पाळते आणि जुने ज्यूलियन पंचांग मानणाऱ्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. वर्षाचीही तीच गोष्ट आहे. हेरोद राजा बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पूर्व ४ मध्ये मरण पावला आणि येशू त्याच्या हयातीत जन्मला, म्हणजे ज्या जन्मापासून आपण वर्षे मोजतो तो जन्मही मोजणीच्या काही वर्षे आधीच झालेला होता. हा तपशील मी तुमची चूक दाखवण्यासाठी सांगत नाही. ज्या देवाने आपल्या पुत्राच्या जन्माचीही तारीख आपल्या हाती ठेवली नाही, त्याने तुमच्या प्रार्थनेचे उत्तर डिसेंबरच्या एका रात्रीला बांधून ठेवले असेल, असे मानण्याला काही आधार नाही, एवढेच मला म्हणायचे आहे. २५ तारीख उलटली आणि काही घडले नाही, तर त्यावरून देवाने नकार दिला असा अर्थ कृपा करून काढू नका.

आता ‘परिपूर्ण वेळ’ म्हणजे काय, ते पाहू, कारण तुमच्या दुःखाचा मोठा भाग मला इथेच अडकलेला दिसतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की, काळाची पूर्णता झाली तेव्हा देवाने आपल्या पुत्राला पाठवले. नाताळातल्या बहुतेक प्रवचनांचा पाया हेच वाक्य असते आणि तिथून ‘तुमच्याही आयुष्यात देव अगदी योग्य क्षणी देईल’ या आश्वासनापर्यंत पोहोचायला बोलणाऱ्याला वेळ लागत नाही. पौल मात्र इथे कोणा एका माणसाच्या इच्छापूर्तीविषयी बोलत नाही; तो सगळ्यांच्या तारणाविषयी बोलतो आहे. त्या काळी रोमन साम्राज्याचे रस्ते होते, पूर्व भूमध्य प्रदेशात ग्रीक भाषा सर्वत्र समजत होती आणि यहुदी सभास्थाने दूरदूरच्या नगरांत उभी होती, म्हणून सुवार्ता वेगाने पसरू शकली, असे अभ्यासक सांगतात आणि ते पटण्यासारखेही आहे. पण हे आपण मागे वळून पाहताना म्हणतो. हेरोदाच्या राज्यात कर भरताना पिचून गेलेल्या एखाद्या शेतकऱ्याला आपण काळाच्या पूर्णतेत जगत आहोत, असे मुळीच वाटले नसेल. मलाखी संदेष्ट्यानंतर सुमारे चारशे वर्षे नवा संदेष्टा उभा राहिला नव्हता आणि त्या काळात कितीतरी पिढ्या वाट पाहतच निवर्तल्या. देवाची वेळ योग्य होती हे नंतर कळते. वाट पाहत असताना ते जाणवलेच पाहिजे, अशी अट शास्त्रात कोणावरही घातलेली नाही.

आणि योग्य म्हणजे सोयीची, असेही नाही. लूकाच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय या दृष्टीने पुन्हा एकदा सावकाश वाचा. मरीयेची नातलग अलीशिबा हिला मूल मिळते ते म्हातारपणी, म्हणजे अतिशय उशिरा. मरीयेला ते मिळते वाग्दान झालेले असताना पण एकत्र नांदण्यापूर्वी, म्हणजे इतक्या लवकर की तिची अब्रूच धोक्यात यावी. औगुस्त कैसराची नावनिशी, म्हणजे लोकांच्या नोंदणीचा हुकूम, निघते ती तिचे दिवस भरत आले असताना, आणि बेथलेहेमात पोहोचल्यावर उतारशाळेत जागा नसते. या कथेत एकाही माणसाला वेळ सोयीची वाटल्याचे दिसत नाही. म्हणून देवाची वेळ तुम्हाला छळासारखी वाटते, यात विपरीत असे काही नाही. त्या कथेतल्या माणसांनाही ती जड गेली असणार.

याजक जखऱ्या आणि त्याची पत्नी अलीशिबा यांच्यापाशी थोडे थांबू या, कारण तुम्हाला त्यांचे उदाहरण अनेकदा ऐकवले गेले असेल आणि बहुधा चुकीच्या जागेवर जोर देऊन. ती दोघे निपुत्रिक आहेत हे सांगण्यापूर्वीच लूक स्पष्ट लिहितो की दोघेही देवाच्या दृष्टीने नीतिमान होती व त्याच्या आज्ञा निर्दोषपणे पाळत होती. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. मूल नसणे ही शिक्षा असते, विश्वासातील उणिवेचे ते फळ असते, या समजुतीला लूकाने कथा सुरू होण्याआधीच दार बंद केले आहे. लोक मात्र तसे समजत होतेच. दिवस गेल्यावर अलीशिबा म्हणते की, लोकांमध्ये होणारी माझी मानहानी प्रभूने दूर केली. मानहानी लोकांनी केली होती, देवाने नव्हे.

पुढे मंदिरात धूप जाळत असलेल्या जखऱ्याला देवदूत सांगतो की तुझी विनंती ऐकली गेली आहे. ही विनंती इस्राएलाच्या सुटकेची होती असे काही भाष्यकार मानतात. मला ती मुलासाठीची जुनी प्रार्थना वाटते, कारण लगेच मुलाचीच बातमी येते. आणि ते ऐकून जखऱ्याचा विश्वास बसत नाही. ज्या माणसाने आज सकाळी तेच मागितले असते, तो इतका चकित झाला नसता. माझा अंदाज असा की त्याने मागणे केव्हाच सोडून दिले होते. वय झाले, शब्द संपले, आणि तो फक्त आपले ठरलेले याजकपण करत राहिला. तरीही जी विनंती त्याने स्वतः विसरायला टाकली होती, ती देवापाशी विसरली गेलेली नव्हती. म्हणून ‘यानंतर मी मागणार नाही’ हे जे तुम्ही देवाला सांगितले आहे, त्याने तुम्ही मोठे पाप केले असे समजून घाबरू नका. थकलेले माणूस असे बोलते. तुम्ही गप्प राहिलात, तरी नऊ वर्षांत जे बोलून झाले आहे ते रद्द होत नाही.

मात्र इथेच एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अलीशिबेला मूल झाले म्हणून तुम्हालाही होईल, असे वचन मी देऊ शकत नाही, आणि दुसऱ्या कोणी दिले तर तेही मान्य करू नका. त्याच अध्यायांत हन्ना नावाची संदेष्ट्री आहे. लग्नानंतर सात वर्षांत तिचा पती वारला, थेट उतारवयापर्यंत ती विधवा म्हणून जगली, आणि तिला मुले होती की नव्हती हे सांगण्याची लूकाला गरजही वाटली नाही. तिने जे मागितले असेल ते तिला मिळाले का, हे आपल्याला ठाऊक नाही. मंदिरात आलेल्या त्या बाळाला मात्र तिने ओळखले आणि इतरांना त्याच्याविषयी सांगितले. तिचे आयुष्य अपुरे होते, असा एकही शब्द तिथे नाही. आणखी पुढे जाऊन मत्तयाचा दुसरा अध्याय पाहा. हेरोदाने बेथलेहेमातली बालके मारली, त्या आयांना ‘देवाची वेळ परिपूर्ण असते’ असे मत्तय सांगत नाही. आपल्या मुलांसाठी रडणाऱ्या आणि सांत्वन नाकारणाऱ्या राहेलीविषयीचे यिर्मया संदेष्ट्याचे शब्द तो तिथे ठेवतो आणि तेवढ्यावर थांबतो. प्रत्येक घटनेला चांगले म्हणण्याची सक्ती नाताळच्या कथेने आपल्यावर केलेली नाही, हे तुमच्यासारख्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

मग विश्वास ठेवायचा तो कशावर? माझे उत्तर असे आहे : वेळापत्रकावर नव्हे, तर ज्याच्या हाती काळ आहे त्याच्यावर. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो आला तेव्हा मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी वेगवेगळ्या वेळी त्याला हेच सांगितले की, प्रभू, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. उशिराची तक्रार याहून स्पष्ट करता येणार नाही. येशूने दोघींपैकी एकीलाही त्या तक्रारीबद्दल दोष दिला नाही. पुढच्या काही क्षणांत आपण लाजराला जिवंत करणार आहोत हे माहीत असूनही तो आधी रडला. ज्याची वेळ आपल्याला कळत नाही, त्याचे अश्रू आपल्याला दाखवले गेले आहेत, आणि माझ्या दृष्टीने त्याच्यावर भरवसा ठेवायला तेवढे कारण पुरेसे आहे.

आता उपचारांविषयी. तुमच्या पतींचा मुद्दा मी हलका मानत नाही, कारण तो भीतीतून नव्हे तर भक्तीतून आला असावा. पण सारेचे उदाहरण इथे लागू होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मूल होत नव्हते म्हणून सारा आणि अब्राहाम यांनी वैद्याची मदत घेतली नव्हती. त्यांनी हागार या दासीला तिची इच्छा न विचारता मूल मिळवण्याच्या आपल्या योजनेचे साधन केले आणि नंतर तिला घराबाहेर काढले. अरण्यात तिच्या मुलाचा आक्रोश देवाने ऐकला. त्या प्रसंगातला दोष एका असहाय स्त्रीवरच्या अन्यायाचा आहे, प्रयत्न करण्याचा नाही. ज्याच्या शुभवर्तमानातून आपल्याला अलीशिबेची कथा कळते, त्या लूकाला पौलाने ‘प्रिय वैद्य’ म्हटले आहे, हेही पतींना सांगून पाहा.

वाट पाहणे आणि काहीच न करणे या दोन गोष्टी एक नाहीत. बी पेरून झाल्यावर पावसाची वाट पाहणारा शेतकरी आणि पेरणीच न करता पावसाची वाट पाहणारा शेतकरी, दोघेही आकाशाकडेच पाहत असतात. डॉक्टर घाई का करत आहेत, याचे कारण सरळ आहे : साधारण ३५ वर्षांनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता अधिक वेगाने घटू लागते. म्हणूनच ३५ वर्षांखालील स्त्रीला वर्षभराच्या प्रयत्नांनंतर, तर त्यापुढील वयाच्या स्त्रीला सहा महिन्यांनंतरच तपासणीचा सल्ला दिला जातो. शरीराचा हा क्रमही देवाच्याच निर्मितीचा भाग आहे आणि त्याची दखल घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे.

पतींशी बोलताना उपचारांपासून सुरुवात करू नका. तपासणीपासून करा, आणि ती दोघांची असू द्या. मूल न होण्याचे कारण पुरुषाकडे, स्त्रीकडे किंवा दोघांकडेही असू शकते, आणि वीर्यतपासणी ही सर्वांत सोप्या तपासण्यांपैकी एक असूनही ती अनेकदा मागे पडते. काय बिघडले आहे हे जाणून घेतल्याने कोणताही उपचार घेण्याचे बंधन येत नाही. कदाचित पतींच्या ‘थांबले पाहिजे’मागे निदानाची धास्तीही असेल, तसे असेल तर त्यांना शास्त्रातले दाखले नकोत, सोबत हवी आहे. तेव्हा त्यांना ‘तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नका.

उपचारांच्या काही प्रकारांविषयी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत, हे दडवण्यात अर्थ नाही. रोमन कॅथोलिक चर्चने १९८७ साली जाहीर केलेल्या भूमिकेनुसार शरीराबाहेर गर्भधारणा घडवणे मान्य नाही. मात्र वैवाहिक संबंधातून होणाऱ्या गर्भधारणेला साहाय्य करणाऱ्या तपासण्या व उपचारांना त्या भूमिकेत जागा आहे. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या हा निर्णय पतीपत्नींच्या विवेकावर सोपवतात, तरी उरलेल्या भ्रूणांचे काय करायचे हा प्रश्न तिथेही गंभीरपणे विचारला जातो. तुम्ही दोघांनी आपल्या पाळकांशी हे मोकळेपणाने बोलावे आणि उपचार सुरू करण्यापूर्वीच काही मर्यादा लिहून ठेवाव्यात : आमच्या विवेकाला काय चालेल, किती वेळा प्रयत्न करू, किती खर्च पेलेल आणि पुन्हा विचार करायला केव्हा बसू. मुदत घालायचीच असेल तर ती इथे घाला. देवाला मुदत घालून माणूस स्वतःच तिच्यात कोंडला जातो. आपल्या प्रयत्नांना घातलेली मुदत मात्र शरीराची, पैशाची आणि संसाराची राखण करते. दत्तकाविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, म्हणून मीही सुचवत नाही. तो मार्ग निवडायचा असेल तर त्या मुलाच्या ओढीने निवडावा, हरल्याची भरपाई म्हणून नव्हे.

बहिणीविषयी थोडेच सांगते. थोरली बहीण लेआ हिला मुले झाली तेव्हा राहेलीला हेवा वाटला, हे उत्पत्तीच्या पुस्तकात लपवलेले नाही, आणि देवाने तिची आठवण केली तेव्हा त्या हेव्याचा हिशेब आधी मागितल्याचेही तिथे लिहिलेले नाही. बहिणीला एकदा खरे सांगून टाका की तुझ्या बाळाबद्दल मला आनंद आहे आणि माझ्याबद्दल दुःख आहे, त्यामुळे काही दिवस मी थोडा वेळच थांबू शकेन. बहुतेक बहिणींना हे समजते. कारण न कळता वाढलेले अंतर मात्र त्यांना समजत नाही.

मरीयेचे स्तोत्र वाचायचे की नाही, हे सर्वस्वी तुम्ही ठरवा. नाही म्हणायचे असेल तर ‘यंदा मला हे जमणार नाही’ एवढे पुरे आहे. पाळकांना कारणाचा पुरावा द्यावा लागत नाही. निर्णय घेण्यापूर्वी एकदा ते स्तोत्र शांतपणे वाचा, एवढीच विनंती आहे. त्यात बाळाचा उल्लेख नाही. गर्विष्ठांची दाणादाण, भुकेल्यांची तृप्ती, दीनांचा उत्कर्ष आणि अब्राहामाला दिलेले वचन विसरले गेले नाही, हे त्याचे विषय आहेत. ते स्तोत्र आई झालेल्यांच्या मालकीचे नाही. तरीही ते तोंडून निघणार नाही असे वाटले, तर पाळकांना शिमोन आणि हन्ना यांचा उतारा मागून पाहा. मंदिरात वाट पाहणारी दोन माणसे तिथे भेटतात आणि नाताळच्या उपासनेत तो उताराही तितकाच शोभतो.

जे वाचक नोकरीची, विवाहाची, आजारातून उठण्याची किंवा तुटलेले नाते जुळण्याची वाट पाहत आहेत, त्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल. आपल्या हातातले कोणते काम ‘देवाची वेळ’ या नावाखाली पडून राहिले आहे, आणि आपल्या हातात मुळीच नसलेले कोणते ओझे आपण उगाच वाहतो आहोत, हे नाताळापूर्वीच्या आगमनकाळाच्या या चार आठवड्यांत वेगळे करून पाहावे. आणि ज्यांच्या तोंडी ‘देवाची वेळ परिपूर्ण असते’ हे वाक्य सहज येते, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, वाट पाहणाऱ्याने ते स्वतःहून म्हटले तर त्याच्यासोबत म्हणा. त्याच्या आधी म्हणू नका.

तुम्ही यापुढे काय करावे, असे विचाराल तर डॉक्टरांची वेळ नाताळाची वाट न पाहता आताच घ्या. नाताळाच्या दिवशी उत्तर शोधत बसू नका. उपासनेला जावेसे वाटले तर जा आणि मधूनच उठून बाहेर यावेसे वाटले तर या. त्यानंतर मागण्याचे शब्द सुचेनासे झाले, तर विश्वासातल्या एखाद्या मैत्रिणीला किंवा वडीलधाऱ्या बाईला सांगा की, काही महिने माझ्या वतीने हे तुम्ही मागा, मी फक्त शेजारी बसेन. ज्या मंडळीने तुम्हाला इतकी वर्षे धीर धरायला सांगितले, तिच्याकडून एवढे मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.